बदकास पाखरू म्हणू नये

२ जानेवारी १९२६, मेहकर

रोजनिशीचा आरंभ काल, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी, करावयाचा होता. परंतु काल हाती आलेला टाक शाई ओकत होता. ओकणाऱ्या टाकाने वर्षारंभ करण्यापेक्षा एक दिवस उशीर पत्करला. यास आळस म्हणत नाहीत, कसोशी म्हणतात.

बुलढाण्याहून पक्की बातमी. डेप्युटी कमिशनर साहेब महिनाअखेर दौऱ्यावर निघून साखरखेर्ड्यास कॅम्प करणार. नवे साहेब. दफ्तर, वसुली, शाळा यांपैकी कशातही त्यांस रस नाही, बदकांच्या शिकारीत मात्र जीव आहे म्हणतात. इकडे एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनरची एक जागा मार्चात रिकामी होत आहे आणि शिफारस साहेबांच्या हातची. ती जागा वस्तुतः मेहकरच्या तहसीलदाराची, म्हणजे माझीच आहे. तसे अद्याप कोणी बोलून दाखविलेले नाही, एवढेच. दुसरा इच्छुक मलकापूरचा तहसीलदार. मॅट्रिक. त्याचे इंग्रजी कानावर पडले की कान धुऊन घ्यावेसे वाटतात.

संकल्प: या जिल्ह्याने आजवर पाहिली नसेल अशी निर्दोष शिकार घडवून आणणे.

४ जानेवारी

मी स्वतः कधी बंदूक धरलेली नाही. त्याने काही अडत नाही. पंचांग करणाऱ्याला सूर्यावर जाऊन यावे लागत नाही. नागपूरहून पाणपक्ष्यांवरील इंग्रजी ग्रंथ मागविला असून साहेबांस सादर करण्यासाठी एक मेमोरँडम हाती घेतले आहे: 'मेहकर तालुक्यातील पाणपक्षी, त्यांचा अधिवास व त्यावर ऋतुमानाचे परिणाम.'

कचेरीतील भाषेची अवस्था मात्र किळसवाणी. चपराशी वाहेद यास विचारले, साखरखेर्ड्यापलीकडच्या खापरतळ्यावर बदके उतरतात काय? म्हणे, "हाव साहेब, पाखरं लय हायेत तयावर." एका वाक्यात तीन गुन्हे. 'हाव' नव्हे, 'होय'. 'तयं' नव्हे, 'तळे'. आणि बदकास पाखरू म्हणू नये. पाखरू म्हणजे चिमणी, पोपट, साळुंकी, फार तर होला. बदक हे बदक. त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले. दाराबाहेर जाताच कोणास तरी सांगताना ऐकू आला, "साहेबाले पाखरांचा राग हाये बे. जपून बोलजा."

९ जानेवारी, खापरतळे

तळ्याची जातीने पाहणी केली. बदके विपुल. इतकी की पाण्यापेक्षा त्यांचाच आवाज अधिक. परंतु जागा! काठाने माणूसभर लव्हाळी, पाणकणीस, कुजके शेवाळ, आणि त्यातून येणारा वास असा की रुमाल खाली घेता येईना. पाळीवर घाणेरी, बोरी, बाभळी यांचे बेताल रान. अशा उकिरड्यावर साहेबांस बसवावयाचे? मातीचा बांध असला म्हणून त्याने दाढी वाढवावी असे नाही.

हुकूम दिला: काठाची लव्हाळी मुळासकट काढावी. पाळ स्वच्छ तासावी. एक झुडूप दिसता कामा नये.

गावचा पाटील उकंडराव डोके खाजवीत म्हणाला, "साहेब, झुडपं काढसान तं पाय जाईन."

या माणसांना बाभळीच्या काट्याचे भय! तरी सूचना रास्त म्हणून, मजुरांनी पायांत वहाणा घातल्याखेरीज काम करू नये, असा जादा हुकूम तत्काळ दिला. उकंडरावने आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले. अधिकाऱ्याने रयतेच्या पायांची काळजी वाहावी, हे या लोकांनी कधी पाहिलेले नसावे.

१४ जानेवारी

संक्रांत. तळे हजामत केलेल्या गालासारखे नितळ झाले आहे. पाहून समाधान वाटले. बदके थोडी कमी दिसली. ती पलीकडे सरकली असावीत.

कुटुंबाने तिळगूळ देताना बदकांशीही गोड बोलण्याचा सल्ला दिला. माहेर अकोल्याचे. पुढे असेही विचारले, "तुम्हाले बदक अन् बगळा वेगळा दिसते नं?" मी अनुक्रमणिका उघडून पाहिली. ग्रंथात बगळ्यांचे प्रकरण निराळे आहे.

२० जानेवारी

काल दुपारी जे घडले ते लिहावयासही शिसारी येते. कोणतीही पूर्वसूचना न देता आभाळ काळेनिळे झाले, पश्चिमेकडून वावटळ उठली आणि गारा पडू लागल्या. गार लिंबाएवढी. वाहेद म्हणतो आवळ्याएवढी. लिंबू आणि आवळा यांत फरक न कळणाऱ्या माणसांसह मी काम करतो. कचेरीची कवले फुटली. एक गार थेट मेमोरँडमच्या 'ऋतुमान शांत व अनुकूल' या वाक्यावर येऊन विरघळली. मागोमाग पाऊस, रात्रभर.

माघ लागला असता असला पाऊस! पंचांगात नाही, प्रोग्राममध्ये नाही. या प्रांतात वादळसुद्धा गावंढळ.

२१ जानेवारी, खापरतळे

पाळ फुटली आहे. मधोमध, बैलगाडी सहज जाईल एवढे खिंडार. पाणी सारे खालच्या वावरांत निघून गेले. मागे उरला चिखल, मेलेले मासे, घोंगावणाऱ्या माशा आणि मधे एक गढूळ डबके. काठावर गारांनी मेलेली काही बदके फुगून पडली होती. मी रुमाल नाकास लावला.

ग्रंथ म्हणतो, गारा पडू लागल्या की बदके दाट लव्हाळ्यांत शिरून जीव वाचवितात. येथील बदकांस ते ठाऊक नसावे. लव्हाळी नव्हती हे मान्य. पण ती अन्यत्र कोठे तरी असतीलच. शोधण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे?

उकंडराव तेथेच उभा. म्हणाला, "म्या म्हनलं नोतं साहेब, पाय जाईन म्हनून?"

त्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत. मी स्वतः पाहिले.

वाहेदने वाटेत खुलासा केला की, हे लोक पाळीला 'पाय' म्हणतात. म्हणजे दोष कोणाचा? पाटलाने मराठीत सांगितले असते तर तळे आज भरलेले असते.

२२ जानेवारी, साखरखेर्डा

बदके गेली. साहेब येणार. या दोन विधानांच्या मधोमध मी उभा आहे. परंतु मी डगमगलेलो नाही. मेमोरँडममध्ये 'वादळ आणि अधिवास' असे नवे प्रकरण घातले. निष्कर्ष: पाणपक्षी खोल, स्वच्छ व शांत पाणी पसंत करतो, वादळानंतर पंधरा-वीस कोसांत तसे पाणी नसल्याने तो तालुक्याबाहेर गेला असणार. तर्कात खोट नाही.

दुपारी खालच्या वावराची मालकीण गोजरबाई कॅम्पवर ओरडत आली. आवाज असा की घोडी बुजली. "तुमच्या तयाचं पानी माया वावरात साचलं साहेब! खालचा हरभरा बुडाला, अन् वरचा पाखरं खाऊन राह्यले! मनाले पटते का हे?" मी बुजगावणे उभारण्यास सांगितले. साहेबांच्या शिकारीच्या ऐन तयारीत मला चिमण्यांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात.

२३ जानेवारी

मार्ग सापडला. ग्रंथाच्या परिशिष्टात आहे: विलायतेत लाकडाची बदके करून पाण्यावर तरंगत सोडतात. वरून उडणारी खरी बदके ती पाहून विश्वासाने खाली उतरतात. त्या मॅट्रिकला हे सात जन्मांत सुचणार नाही.

येथील कडूबा सुतार बरा कारागीर असल्याचे कळले. तान्ह्या, म्हणजे पोरांच्या, पोळ्याचे लाकडी बैल दर साल तोच करतो. तालुकाभर पोरे त्याचेच बैल ओढतात. त्यास ग्रंथातील चित्र दाखविले. शेपटीचा कोन, मानेची वक्रता, डोके हिरवे, सारे तपशीलवार समजावले. "समजून गेलं साहेब," म्हणाला. दोन डझन सांगितली.

२६ जानेवारी

कडूबाने बदके आणली. संताप, किळस आणि हताशपणा यांचे मिश्रण काय म्हणतात ते शब्दकोशात पाहावे लागेल.

प्रत्येक बदकाला चार चाके आहेत.

गळ्यात सुतळी. काहींच्या गळ्यात घुंगरू. कपाळी कुंकू. डोकेच नव्हे तर अंग सर्व हिरवे, चोच लाल. मी विचारले, हे काय? कडूबा म्हणे, "चाक नसलं तं पोट्टं ओढंन कायले?" मी म्हटले, पोरांसाठी नाहीत, पाण्यात सोडावयाची आहेत. तो म्हणे, "सोडा ना मंग. चाकानं कोनतं बिघडते?" चाके काढ म्हटले तर म्हणाला, चाकांचे आस पायांतून थेट पोटात ठोकले आहेत, काढले तर पोट फुटेल. पुन्हा पाय! या मुलखात पाय या शब्दाने माझा छळ मांडला आहे.

इतक्यात गोजरबाई दुसऱ्यांदा. बुजगावण्याचा उपयोग नाही; पाखरे त्याच्याच आडोशाला वारा चुकवून बसतात. मग तिची नजर ओळीने मांडलेल्या बदकांवर गेली आणि ती किंचाळली, "हेच! हेच ते पाखरं! अस्सेच!"

क्षणभर विचार केला. कडूबाच्या रंगामुळे ही बदके हुबेहूब पोपट दिसतात, यात शंका नाही. अर्थात बाईच्या वावरात पोपट पडलेले आहेत. सिद्ध झाले. हरभऱ्याच्या घाट्यांवर पोपट येतातच. बाईस तसे सांगितले. ती म्हणाली, "पोपट पान्यात बसते का हो?" तिच्या वावरातले बसत असतील.

२७ जानेवारी

वाहेदच्या भाषेत मात्र सुधारणा. लाकडी बदके पेटाऱ्यात भरताना आपणहून म्हणाला, "आता समजलं साहेब. लाकडाचं ते बदक, अन् जितं असंन ते पाखरू." दुरुस्त करणार होतो, पण निदान भेद करू लागला आहे. शिक्षण हळूहळूच होते.

२८ जानेवारी

गोजरबाई तिसऱ्यांदा, आता सोबत चार बाया. पदर खोचून उभी राहिली. "पानी तुमी धाडलं. पाखरं तुमी धाडले. आता हाकलाचं बी तुमीच पाहा. नाही तं मोठा साहेब येऊनच राह्यला, त्याच्या घोड्याफुडं जाऊन पडतो मी."

साहेबांच्या घोड्यापुढे एक आडवी बाई! मलकापूरच्या माणसाला आणखी काय हवे? तत्काळ निर्णय घेतला. उद्या सकाळी कोतवाल, महार, झाडून सारा गाव, डफडी, डबे, गोफणी आणि उरलेसुरले दिवाळीचे फटाके घेऊन बाईच्या वावरातील पोपट कायमचे हाकलून द्यावे. अधिकारी असा असावा. तीन दिवसांवर साहेब असूनही एका बाईच्या हरभऱ्यासाठी गाव उभा करतो.

वाहेद घुटमळला. "साहेब, ते पाखरं म्हंजे..." मी म्हटले, पाखरू म्हणजे काय ते आपले चार तारखेसच ठरले आहे. म्हणाला, "हाव. होय, साहेब."

२९ जानेवारी

मोहीम फत्ते. मी कॅम्पवर मेमोरँडमची शुद्ध प्रत करीत होतो. डफड्यांचा कल्लोळ येथपर्यंत आला. मग एकदम असा फडफडाट की वाटले पुन्हा वादळ आले. तंबूवरून सावली सरकत गेली. मान वर करण्यास सवड नव्हती. 'अधिवास' प्रकरणातले एक विरामचिन्ह खटकत होते.

वाहेद घामाघूम होऊन आला. "असे उडाले साहेब, असे उडाले, आभायात जागा नाही राह्यली. सारे जालन्याकडं गेले. एक नाही राह्यलं." शाबासकी दिली. पोपट इतक्या संख्येने असतात हे मेमोरँडमच्या तळटिपेत घालावे काय? विषयांतर होईल. नको.

गोजरबाई आली नाही. कृतज्ञता या मुलखात उगवत नाही.

३० जानेवारी, खापरतळे

लाकडी बदके डबक्यावर सोडून पाहिली. सोडताच सर्वच्या सर्व उलटी झाली. डोके पाण्यात, चाके वर. वाऱ्याने चाके गरगर फिरतात. घुंगरांचा आवाज पाण्यातूनही येतो, हा शोध नवा आहे. पण आनंद झाला नाही.

पोटास दगड बांधले. बुडाली. दगड सोडले. उलटी. पुन्हा बांधले, लहान. एका कुशीवर झाली, दारू प्यालेल्या माणसासारखी. कडूबा काठावर बसून विडी ओढत म्हणे, "रस्त्यावर चालवून पाहा साहेब, कशी पयतेत."

वरून एकही खरे बदक गेले नाही. उद्या जाईल. साहेब उद्याच येणार, तेव्हा आज जाऊन उपयोगही नव्हता.

३१ जानेवारी

आजचे थोडक्यात लिहितो.

साहेब पहाटे आले. मुद्रा प्रसन्न. सोबत दोन बंदुका, एक काळा कुत्रा आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. मलकापूरकर कुत्र्याला नावाने हाक मारीत होता. (तो का आला? बोलावले कोणी?) चिखलापाठी तट्ट्याचा आडोसा केला होता; तेथे साहेब बसले. उजाडले. डबक्यावर चाके फिरत होती. साहेबांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. मग इंग्रजीत, अत्यंत शांतपणे, विचारले की त्या बदकांना चाके का आहेत.

स्थिरतेसाठी, असे मी सांगितले.

ऊन वर आले. एक टिटवी आली, ओरडली, गेली. कुत्रा चिखलात लोळून मेलेला मासा घेऊन आला आणि त्याने तो माझ्या बुटावर ठेवला. साहेब उठले. मी मेमोरँडम पुढे केले. त्यांनी ते पायाखाली... म्हणजे घोड्यावर बसताना चिखल फार होता. ते अंथरावे लागले. निदान वरचे पान, 'ऋतुमान', बूट पुसण्यास उपयोगी पडले.

परतीच्या वाटेवर गोजरबाईचे वावर. खालच्या अंगाला अजून पाण्याचा लांबलचक ओहोळ साचलेला, गुडघाभरही खोल नाही, हरभऱ्याची झाडे त्यातून वर आलेली. काठ कसल्या तरी पावलांनी तुडवून टाकलेला. पिसे सगळीकडे. बाई वाटेत उभी. पडली नाही, उभीच राहिली, हे त्याहून वाईट. हातात गोफणीच्या दगडाने मेलेला एक पक्षी, लांब अणकुचीदार शेपटीचा. साहेबांपुढे धरून म्हणाली, "हे घ्या. आपली भेट. असे परवापर्यंत लाख होते अथी, साहेब. ह्या तुमच्या साहेबानं सारा गाव लावून, डबडे वाजवून हाकलून देल्ले. लय उपकार झाले बाप्पा त्याहिचे. माया हरभरा वाचला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. भाषांतर करणे प्राप्त होते. मी म्हणालो, बाई सरकारचे आभार मानीत आहे.

साहेबांनी पक्षी हातात घेतला. शेपूट पाहिली. पंख उलगडून पाहिला. ग्रंथातल्या सतराव्या चित्रात हाच पक्षी आहे, हे मला नाकारता येत नाही. मात्र चित्रात तो इतका मळलेला नाही. साहेबांनी बाईलाच विचारले, "ये क्या?" बाई म्हणाली, "पाखरू." साहेब सावकाश म्हणाले, "पाखरू." बाईने मान डोलावली. "हाव. पाखरू."

मलकापूरकर खोकला. मुद्दाम.

२ फेब्रुवारी, मेहकर

शांतपणे विचार करता दोष माझा नाही. पाण्याने वावरात जावयाचे नव्हते. बदकांनी पाण्यामागे जावयाचे नव्हते. खोल पाणी सोडून चिखलात राहणारे पक्षी मुळातच हलक्या अभिरुचीचे. आणि बाईने तीनदा येऊन एकदाही 'बदक' असा शब्द उच्चारला नाही. भाषा शुद्ध असती तर आज मी एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर असतो. असेनही. शिफारस अजून गेलेली नाही.

एक बाब अनुकूल. साहेबांच्या मुलीने चाकांचे एक बदक चिखलातून उपसून घेतले आणि कॅम्पभर ओढत हिंडली. कुत्रा मागे, ती पुढे. निघताना घेऊनही गेली. साहेब तेव्हा हसले होते. अख्ख्या दौऱ्यात तेवढेच.

कुटुंबास सर्व सांगितले. पदर तोंडाला लावून आत गेले. खांदे हलत होते. रडत असावे.

१८ मार्च

मलकापूरकरास नेमले. एका मॅट्रिकास.

साहेबांचा मजसाठी खास निरोप आहे, असे सांगत वाहेद बुलढाण्याहून परतला. मी अंगरखा घालून, टोपी सरळ करून, उभ्यानेच ऐकला. साहेबांस माझी आठवण आहे. अमरावतीच्या बड्या साहेबांच्या मुलांसाठी तसलीच आणखी दोन हवी आहेत. चाके लावलेली. घुंगरू असलेली. वाहेद म्हणाला, "बंगल्यावर तुमाले सारे ओयखतेत साहेब. पाखरंवाले तहसीलदार म्हनतेत."

कडूबास बोलावणे पाठविले. तो आला. मी त्यास स्वच्छ शब्दांत सांगितले की, सचक्र काष्ठबदके दोन, घुंगरांसह, गुढीपाडव्यापर्यंत.

कडूबा वाहेदकडे पाहू लागला. वाहेद छताकडे. मग कडूबाने विचारले, "म्हंजे पाखरं नं, साहेब?"

मी म्हणालो, "हाव."